पुढच्या सीटखालचं पाणी

गाडीतलं पाणी कुणीतरी चोरत होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती फक्त चोर कोण याची.

बॉनेट उघडलं की रेडिएटरच्या शेजारी पाण्याची एक प्लॅस्टिकची बाटली दिसते. इंजिन थंड ठेवणारं पाणी तिच्यात असतं. खरं म्हणजे त्या पाण्यात कूलंट नावाचं हिरवंगार औषध घालायचं असतं, आणि मी ते एकदा घातलंही होतं. पण औषध विकत आणावं लागतं आणि पाणी नळाला येतं, त्यामुळे वर्षानुवर्षं वरून पाण्याचीच भर पडत गेली आणि आमचं हिरवं औषध फिकट पिवळसर होऊन बसलं. हा रंग लक्षात ठेवा. पुढे त्यानेच आमच्या घराचा घात केला.

तर या बाटलीतलं पाणी कमी व्हायला लागलं. मी मार्करने रेघ मारली. पाणी रेघेच्या खाली गेलं. पुन्हा भरलं, पुन्हा खाली गेलं. मी गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं, तर सकाळी ते कोरडं ठणठणीत. म्हणजे पाणी गळत नव्हतं. गळत नव्हतं तर कुणीतरी नेत होतं, यात तर्कशास्त्राला दुसरी वाट नाही. आधी माझा संशय वॉचमनवर गेला, कारण तो रात्री जागा असायचा, आणि रात्री खरोखर जागा राहणारा वॉचमन मी तोवर पाहिलेला नव्हता. मग वरच्या मजल्यावरच्या निवृत्त कंपाउंडरवर गेला, कारण ते जिन्यात भेटले की उगीचच गाडीची खुशाली विचारायचे. शेवटी सगळा संशय सोसायटीच्या सेक्रेटरींवर येऊन स्थिरावला. त्यांच्या खिडकीतल्या कुंड्या त्या दिवसांत फारच टवटवीत दिसत होत्या.

मी संशयी आहे असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. संशय माझ्याकडे वडिलोपार्जित आलेला आहे. माझे वडील वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या तराजूतली खोट शोधण्यात घालवला. दुकानदाराने हसून "या साहेब" म्हटलं की बाबांना पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा दिसायला लागायचा, आणि वाकून पाहिलं तर तो बहुतेक असायचाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी पितळी मापांचा आपला संच कपाटात जपून ठेवला आणि आजही घरी आलेलं दूध पातेल्यात पडण्याआधी त्या मापातून जातं. आमच्याकडे दूधवाला टिकत नाही.

दर शनिवारी बाबा खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना भेटायला जात. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका चहाच्या दुकानाच्या माडीवर ही मंडळी जमत आणि हल्लीचे निरीक्षक कसे आंधळे आहेत यावर एकमत करून आपापल्या घरी जात. आठवडाभर बाबा त्या एका संध्याकाळवर जगत. त्यांना नेण्याआणण्याचं काम माझं. गाडी तशी त्यांचीच, कागदोपत्री अजून त्यांचंच नाव आहे, मी आपला चालक. आमच्याकडे थंडी कडक आणि बाबांचे गुडघे दुखरे, म्हणून ते माझ्या शेजारी बसले की हीटरचा दांडा ओढायचा आणि गरम हवा त्यांच्या पायांवर सोडायची, असा रिवाज होता. एरवी मी हीटर लावत नाही. हीटरने पेट्रोल जास्त जातं असा माझा संशय आहे. शिवाय बायकोला बंद काचांत मळमळतं, त्यामुळे ती असली की मागे खिडकी उघडून बसते.

अशाच एका शनिवारी आम्ही घरी आलो. बाबा जिना चढून गेले. त्यांचा मफलर सीटवर राहिला होता म्हणून ही तो घ्यायला खाली आली, वाकली, आणि तशीच थांबली. बाबांच्या पायाखालचं मॅट ओलं होतं. मॅटखालचा गालिचाही ओला होता. ते पाणी कोमट होतं, फिकट पिवळसर होतं, आणि त्याला एक गुळचट वास येत होता.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

आमच्या घरात नको ते बोलायचं नाही अशी पद्धत आहे. जे बोलायचं नाही ते करून दाखवायचं. हिने एक शब्द न बोलता मॅट धुतलं आणि मागच्या बाजूच्या दोरीवर, चादरीच्या आड वाळत घातलं. मी एक शब्द न बोलता गाडीत उदबत्ती लावली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या शनिवारी मी निघण्यापूर्वी बाबांना दोनदा विचारलं, जाऊन येताय का. ते मला म्हणाले, आपण जातोच आहोत की. मी म्हटलं, तसं नव्हे. ते म्हणाले, मग कसं? मी गाडी सुरू केली.

मी कंपाउंडरांचा सल्ला घेतला. जन्मभर डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत बसल्यामुळे आपणही अर्धे डॉक्टर आहोत अशी त्यांची समजूत आहे. माझ्या एका मित्राच्या वडिलांना असं असं होतं, अशी मी सुरुवात केली. त्यांनी आवाज खाली आणला आणि मित्राच्या वडिलांना थंडीचा त्रास होतो का, मित्र कितव्या मजल्यावर राहतो, असं विचारलं. मग गुळचट वासाचं ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि मुंग्या लागतात का ते पाहायला सांगितलं. मी बाबांचंच भिंग घेऊन गाडीत शिरलो. एक मुंगी सापडली. एकच होती, आणि ती कदाचित रस्ता चुकली असेल, पण मला ती सरकारी साक्षीदार वाटली.

बाबांची साखर तपासली. साखर अगदी जागेवर होती. बाबांनी विचारलं की ही तपासणी कशासाठी, तर मी सांगितलं वार्षिक आहे. ते म्हणाले, गेल्या वर्षी नव्हती. मी म्हटलं, यंदापासून आहे. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पेपर पुन्हा उघडला. इतकं होईतो बातमी जिन्याने खालीवर फिरली होती. तळमजल्यापासून वरपर्यंत सगळे बाबांशी मोठ्या आवाजात आणि जरा जास्तच गोड बोलायला लागले. एका बाईंनी तर न मागता एक रबरी चादर पाठवून दिली. सल्ला देणाऱ्यांचं एकमत असं की दुपारनंतर पाणी कमी करावं आणि चहा तर तोडावाच.

हिने चहा तोडला नाही. तेवढं तिच्याने झालं नाही. तिने फक्त बाबांचा कप बदलला. त्यांचा जाड कडांचा जुना कप फळीवर मागे सारला आणि त्याच रंगाचा, जरा बुटका कप पुढे आणला. डोळ्यांना फरक कळला नसता. पण ज्या माणसाने जन्मभर मापं तपासली त्याच्यापुढे आपण खोटं माप ठेवतो आहोत, एवढं आमच्या लक्षात यायला हवं होतं. बाबांनी कप उचलला, तळहातावर क्षणभर तोलला आणि काही न बोलता प्यायला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोही अर्धा ठेवला. शनिवारी ते म्हणाले, आज नको, गुडघे दुखताहेत. पुढच्या शनिवारी पुन्हा गुडघे. माडीवरच्या मंडळींचा फोन आला तर ते झोपले आहेत म्हणून सांगायला लावलं, आणि हे सांगितलं ते टक्क जागे राहून, खुर्चीत बसून. माणूस घरात असूनही दिसेनासा झाला होता. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्याबद्दल बोलायची सोय नव्हती.

गंमत म्हणजे बाबा गाडीत बसायचे थांबले आणि बाटलीतलं पाणीही रेघेवर थांबलं. यावरून मला काही सुचायला हवं होतं. सुचलं ते एवढंच की चोर सावध झाला.

असा एक महिना गेला असेल. एका सकाळी सेक्रेटरी मला जिन्यात अडवून म्हणाले की सोसायटीची फाइल घेऊन सरकारी कचेरीत जायचं आहे, वाटेत सोडा. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण नाही म्हणता येईना. ते पुढे बसले, फाइल मांडीवर घेतली, सोसायटीत लोक नियम कसे पाळत नाहीत ते सांगायला लागले आणि सांगता सांगता त्यांनी आपल्या हाताने हीटरचा दांडा ओढला. मला पेट्रोल जाताना दिसायला लागलं. चौकापुढे गेल्यावर त्यांचं बोलणं मध्येच थांबलं. त्यांनी एकदा खाली पाहिलं. मग बाहेर पाहिलं. मग उरलेला सगळा रस्ता ते हवापाण्यावर बोलले, आणि तेही फार नम्रपणे. कचेरीपाशी उतरताना त्यांनी फाइल पोटाशी धरली आणि मोज्यांचा पचपच आवाज करत, भिंतीकडेने, मागे न पाहता आत गेले.

मी खाली वाकून पाहिलं. मॅट ओलं होतं. फिकट पिवळसर.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. आमच्या बाबांसारखीच गत सेक्रेटरींची आहे, म्हणजे ही वयाची गोष्ट आहे, यात लाजण्यासारखं काही नाही, असं मी मनात म्हटलं. घरी येऊन मी ही बातमी बायकोला खालच्या आवाजात, बाबांच्या खोलीचं दार ओढून घेऊन सांगितली.

ती हसली नाही. ओट्याला टेकून म्हणाली की पहिल्या दिवशी बाबांचा मफलर सीटवर पडला होता, आणि तो कोरडा होता. सीट कोरडी आणि पायाखाली तळं, असं कसं होईल? माणसाला झालं तर वरून खाली होईल ना. मग तिने पदर खोचला आणि मला खाली नेलं. मळमळ बाजूला ठेवून ती पुढे बसली, काच वर केली, हीटरचा दांडा ओढला आणि म्हणाली, चला. आम्ही गल्लीला वळसे घालत राहिलो. परत येईतो तिच्या दोन्ही चपला भिजल्या होत्या.

"आता माझ्यावरही संशय घ्या," ती म्हणाली. "आणि हो, कप मी बदललाय. माझा मलाच राग आलाय."

कोडं सुटलं होतं. डॅशबोर्डच्या पोटात हीटरची एक जाळी असते, म्हणजे छोटा रेडिएटरच. दांडा ओढला की इंजिनाचं गरम पाणी तिच्यातून फिरतं आणि हवा तापते. ती जाळी फुटली होती. दांडा फक्त बाबांसाठी ओढला जायचा, म्हणून पाणी फक्त बाबांच्या पायाशी सांडायचं. एवढ्या दिवसांत वॉचमन, कंपाउंडर, सेक्रेटरी आणि जन्मदाता बाप अशा सगळ्यांवर मी संशय घेतला, फक्त गाडीवर घेतला नाही.

मी धावत बाबांच्या खोलीत गेलो.

"बाबा, गाडीचा हीटर गळतोय. ते पाणी हीटरचं होतं."

बाबांनी पेपरची घडी केली. "कोणतं पाणी?"

त्या पाण्याबद्दल आमच्या घरात आजवर कुणी एक शब्द काढलेला नव्हता.

"इतकी वर्षं हीटर गळला नाही," बाबा म्हणाले. "आता गळायला लागला, आणि तोही नेमका माझ्या पायाशी."

"हो ना."

"खोटं बोलताना तू डावा कान खाजवतोस. लहानपणापासून."

माझा हात खरोखरच कानाशी होता. पण कान थंडीने खाजत होता हो! हे आता कुणाला सांगू? बाबा खिडकीकडे वळले. "सूनबाईंना म्हणावं, कप बदलला ते बरं केलं. तुम्ही दोघं चांगली आहात. माझ्यासाठी गाडीला कशाला बदनाम करता?"

जन्मभर दुसऱ्याच्या मापात खोट शोधणाऱ्या माणसाला शेवटी स्वतःच्याच मापाची खात्री राहिली नव्हती, आणि माझ्या शब्दाची तर त्यांना कधीच नव्हती. मी ठरवलं, जाळी बाहेर काढायची आणि त्यांच्या हातात ठेवायची.

गाडी दुरुस्त करणारा आमच्या भागात सर्जन म्हणून ओळखला जातो, कारण उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही हे त्याचं पहिलं वाक्य असतं. हीटरचं ऐकल्यावर त्याने दुसरा उपाय सुचवला. जाळीकडे जाणाऱ्या दोन नळ्या इंजिनापाशीच एकमेकींना जोडून टाकायच्या, जाळी मेली समजायची, चहा थंड व्हायच्या आत काम संपेल. जाळी बदलायची तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मी म्हटलं, उतरव. एवढ्या मोठ्या कामाला मी एवढ्या पटकन हो म्हटल्यामुळे उलट त्यालाच माझा संशय आला. गाडी चोरीची तर नाही ना, असं त्याने आडून आडून विचारलं. मीही त्याला सांगितलं की काम आमच्या इमारतीखाली, माझ्या डोळ्यांदेखत व्हायला पाहिजे. गॅरेजमध्ये नेलेली गाडी आतून तीच परत येते यावर माझा विश्वास नाही.

नवी जाळी आणायला मी कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने कागद पाहिले आणि जुन्या मॉडेलचा भाग फक्त मालकाला, समक्ष, सही घेऊन मिळेल असं सांगितलं. मी म्हटलं, मालक माझे वडील आहेत, ते घराबाहेर पडत नाहीत. तो म्हणाला, मग मृत्यूचा दाखला आणा. मी म्हटलं, ते जिवंत आहेत. तो म्हणाला, मग आणा त्यांना. जिवंत आहेत पण येत नाहीत, असा रकाना त्याच्याकडे नव्हता. बाबा घराबाहेर पडावेत म्हणून जाळी हवी, आणि जाळी हवी तर बाबा घराबाहेर पडायला हवेत, अशी माझी गत झाली. हात हलवत मी परत आलो.

इमारतीखाली वाहन दुरुस्ती करू नये अशी ठळक पाटी सेक्रेटरींनी स्वतः रंगवून लावलेली आहे. परवानगी मागायला गेलो तर ते दार अर्धंच उघडून उभे राहिले. कचेरीच्या त्या सकाळपासून ते मला टाळत होते. मी म्हटलं, गाडीचा हीटर गळतो, पुढे बसणाऱ्याच्या पायावर पाणी सांडतं. त्यांनी हे मला दोनदा सांगायला लावलं. मग दार पूर्ण उघडलं, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पूर्ण दिसला, आणि असा धोका सार्वजनिक हिताच्या आड येतो म्हणून खास बाब समजून परवानगी आहे, असं त्यांनी जाहीर केलं. अट एकच, काम चालू असताना आपण जातीने हजर राहणार.

डॅशबोर्ड उतरवणं म्हणजे काय असतं हे मला ठाऊक नव्हतं. सर्जनाने स्टिअरिंग काढलं, घड्याळं काढली, रेडिओ काढला, आणि मग आतडी बाहेर यावीत तशा वायरी बाहेर आल्या. मी प्रत्येक स्क्रू एका ताटात मोजून ठेवत होतो, कारण सर्जन एखादा खिशात घालील अशी मला धास्ती. तो मोजत नव्हता, याचाही मला संशय आला. वरच्या गॅलऱ्यांत सगळी इमारत जमली होती. कंपाउंडरांनी वरून सांगितलं की रेडिएटरमध्ये मूठभर मिरपूड टाकली की कसलंही भोक बुजतं. दुसऱ्या एकाने अंड्याचा पांढरा बलक सुचवला. मीठ कुणी सुचवलं नाही एवढंच, नाही तर नाश्ता झाला असता.

शेवटी जाळी बाहेर आली. सर्जनाने ती उजेडात धरली, उलटसुलट केली, नळीतून थंड पाणी सोडून पाहिलं. एक थेंब गळला नाही. तो म्हणाला, हिला काही झालेलं नाही, ठणठणीत आहे. सेक्रेटरींचा चेहरा पडला. माझा तर पायाखालचा आधारच गेला. गाडी अंगणात उघडी पडलेली, आणि आता बाबांना काय सांगू?

मी वर गेलो. काही तरी गोड बोलावं असं मनात होतं, पण तोंडातून खरं तेच बाहेर पडलं.

"बाबा, तो मेकॅनिक म्हणतो जाळी चांगली आहे. मला वाटतं तो फसवतोय."

बाबांनी मान वर केली. कित्येक दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी धार दिसली. "कशाने तपासली?"

"थंड पाण्याने."

"गाडीत थंड पाणी फिरतं का?" ते उठले. कपाटातून पितळी माप काढलं, धोतरानेच पुसलं आणि हिला पाणी उकळायला ठेव म्हणाले. धातू तापला की फुगतो, सांधे उघडतात, उन्हात ठेवलेलं माप आणि सावलीतलं माप कधी एक भरत नाही, हे त्यांनी जिना उतरता उतरता मला सांगितलं. ते हे मला लहानपणापासून सांगत आले आहेत. मी ऐकलं मात्र त्या दिवशी.

खाली सगळे बाजूला झाले. बाबांनी सर्जनाला जाळीचं एक तोंड बुजवायला लावलं आणि दुसऱ्यातून मापाने उकळतं पाणी भरलं. मग तेही बुजवून जाळी एका रिकाम्या घमेल्यावर टांगली. आम्ही पाहत राहिलो. काहीच होईना. सर्जनाने घसा खाकरला. तेवढ्यात जाळीच्या मागच्या सांध्यावर घाम फुटावा तसं काही तरी चमकलं, त्याचा थेंब झाला, आणि तो घमेल्यात पडला. मग दुसरा. मग धारच लागली. बाबांनी घमेल्यातलं पाणी पुन्हा मापात ओतलं आणि डोळा मापाच्या कडेशी आणला. सेक्रेटरी इतके पुढे आले होते की त्यांना मागे ओढावं लागलं.

बाबा बराच वेळ त्या मापाकडे पाहत राहिले. मग त्यांनी वर गॅलरीत उभ्या असलेल्या हिच्याकडे पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "चहा टाक. माझ्या जुन्या कपात."

ती आत पळाली. ती रडत होती हे सगळ्या इमारतीने पाहिलं, आणि कुणी त्यावर बोललं नाही. आमच्या घरची पद्धत एवढ्या दिवसांत इमारतीलाही लागली असावी.

पुढचं सगळं बाबांनी हातात घेतलं. टॅक्सी करून ते माझ्याबरोबर त्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने नाव विचारायच्या आत त्यांनी तिथला नटबोल्ट तोलायचा काटा पाहिला आणि त्यावर शिक्का शेवटचा कधी मारून घेतला ते विचारलं. जाळी लगेच मिळाली. सहीसुद्धा त्याने काउंटरबाहेर येऊन घेतली. सर्जनाने ती बसवली, डॅशबोर्ड पुन्हा चढवला, आणि ताटात थोडे स्क्रू उरले. तो म्हणाला, कंपनी जास्तच घालते. उजवीकडचा दिवा लावला की वायपर हलतो, पण हीटर गळेनासा झाला. मी रोज बॉनेट उघडून पाहायचो. पाणी रेघेवर. शनिवार पुन्हा सुरू झाले. माडीवर बाबांनी जाळीची हकीकत इतक्या वेळा सांगितली की मंडळींनी त्यांना पुढचा विषय घ्यायची विनंती केली.

थंडी सरली. हीटरचं काम संपलं. अशाच एका उबदार शनिवारी मी त्यांना घेऊन येत होतो. माडीवर कुणाची तरी पार्टी होती, चहावर चहा झाले होते, आणि रस्त्यात एक ट्रक आडवा होऊन वाहतूक खोळंबली होती. निम्म्या वाटेत बाबा बोलायचे थांबले. मी त्यांना काही विचारलं, तर नुसतं "हं" म्हणाले. घरापाशी उतरताना त्यांनी वर्तमानपत्राची घडी पुढे धरली. ते जिन्याकडे न जाता गाडीच्या दाराशीच उभे राहिले.

मी आत वाकलो. मॅट ओलं होतं. सीटही ओली होती. हीटरचा दांडा बंद होता, आणि थंडी सरल्यापासून तो बंदच होता.

बाबा माझ्याकडे पाहत होते. मी बॉनेट उघडलं. पाणी रेघेला चिकटून होतं, केसभरही कमी नाही. मी ते बराच वेळ पाहत राहिलो, कारण वर पाहायचा धीर होत नव्हता. मग बॉनेट बंद केलं.

"हीटर पुन्हा गळतोय, बाबा," मी म्हणालो. डावा हात मी खिशात घट्ट दाबून धरला होता.

बाबांनी आधी माझ्या कानाकडे पाहिलं. मग खिशाकडे. ज्या नजरेने ते पारड्याखाली वाकून पाहत, त्याच नजरेने ते माझ्याकडे पाहत राहिले. हळूहळू ती नजर मऊ झाली.

"तो मेकॅनिक चोर आहे," ते म्हणाले. "मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

"पुढच्या शनिवारच्या आत करून घेतो."

"घे. मला जायचंय." आणि ते वर्तमानपत्र तसंच धरून, सावकाश, ताठ मानेने जिना चढून गेले. वर हिने त्यांच्यापुढे तोच जाड कडांचा कप ठेवला, काठोकाठ भरून, आणि काही विचारलं नाही. ती रबरी चादर मी सीटच्या कव्हराखाली शिवून घेतली आहे. दिसत नाही.

तेव्हापासून आमच्या इमारतीत त्या सर्जनाबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. सेक्रेटरींनी तर त्याला फाटकाच्या आत यायला बंदी केली आहे. मी मात्र तो रस्त्यात भेटला की नजर चुकवतो. बिचाऱ्याने काम अगदी चोख केलं होतं.